पाळीच्या आधीचे दहा दिवस: चौकटीच्या वहीपासून डॉक्टरच्या खुर्चीपर्यंत

माझ्या मेलच्या ड्राफ्टमध्ये तीन राजीनामे पडून होते. १४ जून, ८ ऑगस्ट, ४ ऑक्टोबर. तिन्ही रात्री अकरानंतर लिहिलेले आणि तिन्हींत तेच 'वैयक्तिक कारणास्तव'. पाठवला एकही नव्हता. सकाळी डब्याच्या घाईत राहून जायचं आणि चार दिवसांनी आपण असं काही लिहिलं याचीच लाज वाटायची. दिवाळीच्या सुट्टीत मेल साफ करायला बसले. मी हिशेबखात्यातली बाई, सवयीने तारखांची वजाबाकी केली: पंचावन्न दिवस आणि सत्तावन्न दिवस. म्हणजे दर दुसरी पाळी, आणि प्रत्येक वेळी पाळीच्या चार-पाच दिवस आधी.

त्याआधी कितीतरी वर्षं आमच्या घरात या दिवसांना एक नाव होतं. धाकटा दीर म्हणायचा, "वहिनीची मारबत निघाली." नागपूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते आणि गावाची इडापीडा तिच्यासोबत गावाबाहेर जाते. सगळे हसायचे, मीही हसायचे. रात्री मात्र बाथरूमचा नळ सोडून रडायचे.

त्या वजाबाकीपासून योग्य उपचार सुरू होईपर्यंत मला चौदा महिने लागले. नीट केलं असतं तर तीन-चार महिन्यांत झालं असतं. त्रासाचं नाव पीएमडीडी, म्हणजे पाळीच्या आधी येणारा तीव्र मानसिक त्रास. कुठे अडखळले ते क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. कोणतं औषध, किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.

सगळ्यात आधी, क्रमाच्या बाहेरचं

त्या दिवसांत 'मी नसलेलीच बरी' असं मनात येत असेल, तर पुढचं काही वाचत बसू नका आणि दोन महिने नोंदी करण्याची वाटही पाहू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासात मदत करणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात वाटत असेल तर ११२ किंवा १०८ लावा, नाहीतर कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या, नागपुरात असाल तर मेडिकल, मेयो (ही दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं) किंवा एम्सच्या, तातडीच्या विभागात थेट जा. नंबर चांगल्या दिवसांतच फोनमध्ये टाकून ठेवा. वाईट दिवसांत माणूस नंबर शोधत नाही. घरात झोपेच्या गोळ्या, कीटकनाशक असं काही असेल तर ते त्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या.

## १. आपल्याला नेमकं काय होतंय, ते ओळखा

पाळीच्या आधी थोडी चिडचिड, पोट फुगणं, छाती दुखणं हे पुष्कळ जणींना होतं. त्याला पीएमएस म्हणतात. त्याचं तीव्र रूप म्हणजे पीएमडीडी. याचा जोर मनावर असतो आणि तो इतका की काम, संसार, नाती यांना खरोखर तडा जातो. साधारणपणे पाळी येणाऱ्या शंभर बायकांमागे तीन ते आठ जणींना हा त्रास असतो असं मानतात.

डॉक्टर अकरा लक्षणं बघतात. त्यातली किमान पाच हवीत आणि पाचातलं एक तरी या चारांतलं हवं: मन क्षणात इकडून तिकडे जाणं, तीव्र राग किंवा भांडणं, खोल उदासी किंवा स्वतःबद्दल तिटकारा, आणि सतत ताण किंवा धास्ती. उरलेली सात अशी: कशातच रस न वाटणं, लक्ष न लागणं, गळून जाणं, भुकेत बदल किंवा एखाद्याच पदार्थाची हाव, झोप फार किंवा फार कमी, सगळं हाताबाहेर गेल्यासारखं वाटणं, आणि अंगाच्या तक्रारी.

पण यादीपेक्षा वेळ महत्त्वाची. त्रास पाळीच्या आधीच्या आठवड्यात असतो, पाळी सुरू झाल्यावर थोड्या दिवसांत ओसरू लागतो आणि पाळीनंतरच्या आठवड्यात जवळजवळ नसतोच. काही जणींना तो बीजांड सुटल्यापासूनच, म्हणजे दोन आठवडे आधीपासून जाणवतो. माझे साधारण दहा दिवस. महिनाभर उदास वाटतं आणि पाळीच्या आधी ते वाढतं, असं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. तिथे मूळचं नैराश्य किंवा चिंतेचा आजार असू शकतो आणि उपचाराची दिशा बदलते.

मला सगळ्यात जास्त दिलासा कशाने मिळाला असेल तर कारण कळल्याने. मला वाटायचं आपले हार्मोन्स 'बिघडलेत'. बहुतेक जणींचे बिघडलेले नसतात. बीजांड सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि पाळीच्या आधी उतरतं, हे सगळ्यांचंच होतं. त्यापासून शरीरात ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचा एक पदार्थ तयार होतो. तो एरवी मेंदू शांत करणारा, पण काही जणींच्या मेंदूला त्याची ही चढ-उतार मानवत नाही. एकाच पातेल्यातला सावजी रस्सा एकाला घाम फोडतो आणि दुसरा वाटी पुढे करून आणखी मागतो. रस्सा तोच असतो, जीभ निराळी. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी हे करूनच पाहिलं. तीव्र पीएमएस असलेल्या बायकांच्या बीजकोशांचं काम त्यांनी इंजेक्शनने तात्पुरतं थांबवलं. बऱ्याच जणींचा त्रास थांबला. मग नेहमीच्याच प्रमाणात हार्मोन्स परत दिले, तसा त्रास परतला. ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांना तेच हार्मोन्स दिले, तर काहीच झालं नाही.

म्हणजे हे 'नखरे' नाहीत आणि तुमच्या संस्कारांतही काही कमी पडलेलं नाही.

## २. दोन महिने रोज लिहा (हे टाळलंत तर पुढचं सगळं अडतं)

या आजाराचं निदान रक्तातून होत नाही, सोनोग्राफीतून होत नाही. ते होतं रोजच्या नोंदीतून, आणि त्याही सलग दोन पाळ्यांच्या. हे मला पहिल्या डॉक्टरकडे जाण्याआधी माहीत असतं तर चौदातले सहा महिने वाचले असते.

मी लेकाची अर्धी उरलेली गणिताची चौकटीची वही घेतली. आडवे दिवस, उभी लक्षणं. पहिला दिवस म्हणजे रक्तस्राव सुरू झाल्याचा दिवस. अंगावर आलेला नुसता डाग धरायचा नाही. रोज रात्री झोपण्याआधी प्रत्येक चौकटीत एक ते सहा यांतला एक आकडा. १ म्हणजे अजिबात नाही, २ अगदी किंचित, ३ थोडं, ४ मध्यम, ५ बरंच, ६ अतिशय. डॉक्टरांच्या छापील तक्त्यांतही हेच माप असतं.

मी आठच रकाने ठेवले: राग, रडू, धास्ती, स्वतःचा तिटकारा, कामात लक्ष, झोप, खाणं, अंगदुखी. कडेला एक ओळ मोकळी, त्या दिवशी काय घडलं ते लिहायला. ती ओळ सोडू नका. माझ्या वहीतल्या दोन ओळी तशाच उतरवते.

'दिवस २३. राग ६, रडू ३, झोप ५. कुकरचं झाकण बसेना म्हणून सिंकमध्ये आपटलं. लेकाने कानावर हात ठेवले.'

'दिवस ३. राग १, रडू १, झोप १. झाकण तसंच आहे. रिंग सैल झाली होती. बर्डीवरून नवी आणली, तीस रुपये.'

आकड्यांनी डॉक्टरांना पटलं, पण मला स्वतःला पटलं ते या कुकरमुळे.

आता यातले खड्डे.

फक्त वाईट दिवस लिहू नका. चांगल्या दिवसांचे एक-एक आकडे हाच खरा पुरावा. तेच नसतील तर वही बघून कुणीही म्हणेल की तुम्ही कायमच दुःखी आहात.

आठवड्याचं एकदम रविवारी बसून भरू नका. चांगल्या दिवसांत वाईट दिवस आठवतच नाहीत, आणि वाईट दिवसांत चांगले दिवस कधी होते यावर विश्वास बसत नाही. मी एकदा पाच दिवसांचं अंदाजाने भरलं आणि नंतर नवऱ्याच्या आठवणीशी ताडून पाहिलं, तर तीन चौकटी साफ चुकलेल्या.

मोबाइलमधलं पाळीचं ॲप वापरलंत तरी चालेल, पण बहुतेक ॲप नुसता हसरा-रडका चेहरा विचारतात. आकडा भरता येणारं असेल तरच घ्या. शिवाय वही डॉक्टरसमोर उघडून ठेवता येते, हा तिचा मोठा गुण आहे.

गर्भाशय काढलंय पण बीजकोश आहेत, अशा बायकांनाही हा त्रास दर महिन्याला होऊ शकतो. पाळी दिसत नाही म्हणून नोंद सोडू नका. नुसत्या तारखेने लिहा, लाट आपोआप दिसते. चाळिशीनंतर पाळी मागेपुढे होऊ लागली की लक्षणं वाढल्याचं अनेकींना जाणवतं, त्यांनीही तारीखच धरावी.

## ३. रक्ताच्या मोजक्या तपासण्या

तपासण्या कशाला? पीएमडीडी सापडावा म्हणून नाही, दुसरं काही नाही ना हे पाहायला. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तर हवंच, कारण दोन्ही बिघडली तरी थकवा आणि उदासी येते. डॉक्टर सांगतील तर बी-१२, ड जीवनसत्त्व, लोहाचा साठा.

महागडं 'फुल हार्मोन प्रोफाइल' स्वतःच्या मनाने करू नका. मी केलं. सगळं नॉर्मल आलं आणि मी रिपोर्ट हातात धरून लॅबच्या पायरीवरच रडले, कारण मला त्याचा अर्थ 'तुम्हाला काही झालेलं नाही' असा लागला. वर लिहिलंय ना, ते नॉर्मलच येतं.

## ४. नागपुरात कुणाकडे जायचं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात मानसोपचाराकडे जा, मानसोपचारवाले म्हणतात आधी स्त्रीरोगाकडे दाखवून या. त्याचं कारणही मजेशीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजारसूचीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू आहे, हा आजार स्त्रीरोगांच्या खात्यात आहे, पण नैराश्याच्या आजारांतही त्याची नोंद आहे. अमेरिकन मानसोपचाराच्या ग्रंथात तो २०१३ मध्ये नैराश्याच्या प्रकरणात आला. दोन खात्यांत अडकलेल्या फाइलचं आपल्याकडे काय होतं ते सरकारी नोकरीतल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

माझं मत: मनाची लक्षणं जास्त असतील तर थेट मानसोपचारतज्ज्ञ, अंगाची लक्षणं किंवा पाळीचा त्रास जास्त असेल तर आधी स्त्रीरोग. दोघांना एकमेकांची चिठ्ठी मात्र दाखवा.

सरकारीत जायचं तर मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे दोन्ही विभाग आहेत. हा फायदा लहान नाही. केसपेपर एकच, आणि मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर कुणी ओळखीचं भेटलं तर 'बीपीचं दाखवायला आले' म्हणता येतं. एम्सचा नंबर ऑनलाइन लावता येतो. गांधीबागेजवळचं डागा रुग्णालय बायकांचं आहे. ते राज्याच्या आरोग्य विभागाकडे येतं आणि त्या विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, तिथे थोडे पैसे लागतात. प्रादेशिक मनोरुग्णालयातही ओपीडी चालते. त्याच्या जवळच्या चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात आणि ऑटोवाल्याला तेच नाव सांगावं लागतं, म्हणून बायका जायला कचरतात. मीही कचरले. आता वाटतं, उगाच.

खासगीत धंतोली आणि रामदासपेठेत दर चार पावलांवर पाटी आहे. नंबर लावताना फोनवरच विचारा, "पाळीच्या आधीच्या मानसिक त्रासाचे पेशंट डॉक्टर बघतात का?" रिसेप्शनवरची मुलगी गोंधळली तरी हरकत नाही, डॉक्टरला विचारून सांग म्हणा.

सोबत हे न्या:

- दोन महिन्यांची वही, शक्यतो वाईट दिवसांच्या चौकटी लाल पेनाने घेरलेली
- मागच्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा
- रक्ताचे रिपोर्ट आणि जुन्या चिठ्ठ्या
- सध्याच्या सगळ्या गोळ्या, पाकिटासकट, आयुर्वेदिक-होमिओपॅथिक धरून
- घरात कुणाला नैराश्य, बायपोलर, आत्महत्येचा प्रयत्न, रक्ताच्या गुठळ्या, अर्धशिशी असं काही होतं का, याची माहिती. हे लपवू नका. बायपोलर असताना नुसतं नैराश्यावरचं औषध दिलं तर उलटू शकतं
- आधार, आणि असेल तर आभा नंबर (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा)
- तीन प्रश्न कागदावर. चौथा तिथे आठवणार नाही, आणि पहिला विसरायला होईल

अपॉइंटमेंटचा खड्डा. तुम्ही नंबर लावाल वाईट दिवसांत आणि तो मिळेल दहा दिवसांनी, म्हणजे चांगल्या दिवसांत. मी इस्त्रीची साडी नेसून, हसत-बोलत गेले. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही तर छान दिसताय." मीही म्हणाले, "हो, तसं आता बरंच आहे." आठशे रुपये देऊन घरी आले आणि दोन आठवड्यांनी परत पलंगावर पालथी. म्हणून वही. तुम्ही छान दिसत असलात तरी तिच्यात २३ वा दिवस असतो.

दुसऱ्या एका ठिकाणी मला सांगण्यात आलं, "दुसरं मूल होऊ द्या, आपोआप जाईल." गरोदरपणात बीजांड सुटत नाही, म्हणून तेवढे महिने त्रास थांबतो हे खरं. पण पाळी परत सुरू झाली की तोही परत येतो. त्रास जावा म्हणून मूल, हा सल्ला कुणी दिला तर नमस्कार करून उठा.

ऑफिसात कळेल का, ही भीती अनेकींना असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क पेशंटला दिला आहे. आजारपणाच्या रजेला मला साध्या 'वैद्यकीय कारणास्तव' एवढ्या दाखल्यावर काम भागलं.

## ५. औषधांबद्दल मला आधी कळायला हवं होतं ते

पहिल्या फळीत एसएसआरआय गटातल्या गोळ्या असतात. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटॅलोप्रॅम ही त्यातली नावं. हो, नैराश्यावरच्याच. ऐकून माझं तोंड उतरलं होतं. पण इथे एक फरक आहे. नैराश्यात त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, पीएमडीडीत तो बऱ्याचदा काही दिवसांतच येतो. त्यामुळे काही जणींना डॉक्टर रोज न देता फक्त बीजांड सुटल्यापासून पाळी येईपर्यंत, म्हणजे महिन्यातले साधारण चौदा दिवस देतात. कुणाला कोणती पद्धत, हे लक्षणांवर आणि पाळीच्या नियमितपणावर ठरतं. सुरुवातीला मळमळ, झोपेत बदल होऊ शकतो. शरीरसंबंधाची इच्छा कमी होणं हाही परिणाम आहे, आणि तो बायका सांगत नाहीत. सांगा, औषध बदलता येतं. रोज घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका. मूल हवं असेल किंवा अंगावर पाजत असाल तर आधीच बोला.

दुसरा मार्ग ड्रॉस्पिरेनोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचा. चोवीस दिवस औषधी गोळ्या आणि चार दिवस कोऱ्या, अशी ती पट्टी असते. अमेरिकेत २००६ मध्ये तिला पीएमडीडीसाठी मान्यता मिळाली. रक्ताच्या गुठळ्या, जास्त बीपी, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येणारी अर्धशिशी, किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान असेल तर या गोळ्या नकोत. म्हणून मैत्रिणीची पट्टी उसनी घेणं बंद करा.

याने भागलं नाही तर बीजकोशांचं काम थांबवणारी इंजेक्शनं असतात, आणि अगदी शेवटी ऑपरेशन. तिथवर फार थोड्या जणी जातात. मनाच्या समुपदेशनाचाही, विशेषतः विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीचा, उपयोग होतो. मी आठ बैठका केल्या.

आपल्याकडचा खास खड्डा: पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. महालक्ष्म्यांच्या आधी विदर्भातल्या किती घरांत नॉरएथिस्टेरोनची पट्टी येते ते मेडिकल दुकानदाराला विचारा. मी लग्नानंतर दरवर्षी घेत होते. हे प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं औषध आहे, आणि काही जणींचं मन त्याने बिघडतं. वही सुरू केल्यावरच्या भाद्रपदात माझे दहा दिवस एकोणीस झाले. तेव्हा समजलं की दरवर्षी महालक्ष्म्यांनाच आमच्या घरी मोठं भांडण का व्हायचं. यात सोळा भाज्यांचा थोडा वाटा असेल, पण सगळा नाही.

प्रिमरोज तेलाच्या गोळ्या सर्रास लिहून मिळतात. मनाच्या लक्षणांवर त्यांचा भरवशाचा पुरावा नाही. बी-६ घ्यायचं तर डॉक्टरला विचारून. जास्त मात्रेत फार दिवस घेतलं तर हातापायांच्या नसांना इजा होते. कॅल्शियमचं मात्र बरं ऐकायला मिळतं. १९९८ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात पीएमएस असलेल्या बायकांनी रोज १२०० मिलिग्रॅम घेतलं. तिसऱ्या पाळीपर्यंत त्यांची लक्षणं साधारण निम्म्याने उतरली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांची ३० टक्क्यांनी. एका पेला दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम असतं. तीळ हेही कॅल्शियमचं मोठं कोठार. आमच्याकडे आता तिळाची चटणी संक्रांतीपुरती नसते.

## ६. घरी सांगा, पण चांगल्या दिवसांत

भांडण चालू असताना 'हे हार्मोन्समुळे होतंय' असं सांगितलं की ते बहाण्यासारखं ऐकू येतं. पाळीनंतरच्या आठवड्यात, चहाच्या वेळी सांगा.

नवऱ्याला मी वही दिली आणि काहीच बोलले नाही. त्याने लाल चौकटी पाहिल्या, मग उठून स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून आणलं. त्यात तो दुधाचे खाडे लिहितो. एका महिन्यात त्याने एका तारखेखाली पेन्सिलीने 'गप्प बसणे' लिहून ठेवलं होतं. आमच्या तारखा जुळल्या. म्हणजे त्यालाही कळलं होतं, फक्त नाव नव्हतं.

सासूबाईंची मला धास्ती होती. म्हटलं, "आई, मी मेंदूच्या डॉक्टरकडे जाते आहे." त्यांनी सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला म्हणतात) निवडता निवडता वर पाहिलं. "काहून वं, मले आधी नाही सांगितलं? मी त्या दिवसांत विहिरीपाशी जाऊन बसत होती. तुझे सासरे म्हणत, अंगात येते हिच्या." मग पुढे काही नाही, परत सांबार. हा त्रास काही घराण्यांत चालत येतो असं दिसतं. सासूबाई रक्ताच्या नाहीत म्हणा, पण त्या संध्याकाळनंतर मी आईला फोन लावून तिचंही विचारलं.

सांगताना नेमकी मदत मागा. 'समजून घ्या' याला काही अर्थ नाही. मी तीन गोष्टी मागितल्या: त्या दिवसांत लेकाचा अभ्यास नवऱ्याने घ्यायचा, मी खोलीत गेले तर अर्धा तास कुणी दार वाजवायचं नाही, आणि 'तुझी तारीख जवळ आली वाटतं' हे वाक्य घरात कुणी उच्चारायचं नाही. दिराची मारबत त्या दिवशीच बंद झाली.

## ७. त्या दिवसांची बेगमी

कॅलेंडरवर ते दिवस आधीच आखून ठेवा. पाहुणे, दाताचा डॉक्टर, मुलाच्या शाळेतली पालकसभा, जे हलवता येतं ते हलवा.

झोप सांभाळा. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना हे सांगणं सोपं आहे, मला कळतं. नवतपाच्या दिवसांत आणि लाल चौकटींत मी कूलरच्या खोलीवर हक्क सांगते, लाज न बाळगता.

चालणं उपयोगी पडतं. मी पहाटे अंबाझरीला जाते. वाईट दिवसांत पंधरा मिनिटंही पुष्कळ. चहा-कॉफी दुपारनंतर बंद, दारू घेत असाल तर त्या दिवसांत नाहीच. मीठ कमी केल्याने अंगावरची सूज थोडी कमी वाटते, पण त्याने राग जाईल अशी आशा ठेवू नका.

आणि एक नियम, जो मी फ्रिजवर चिकटवलाय: लाल चौकटीत सही नाही. राजीनामा, मोठी खरेदी, नात्यातल्या ग्रुपवर लांब मेसेज, नवऱ्याला 'मी माहेरी चालले' हे सगळं लिहायचं तर लिहावं, पाठवायचं तिसऱ्या दिवसानंतर.

## ८. त्या दिवसांतलं सगळं खोटं नसतं

हे मला कुणी सांगितलं नाही, वहीने दाखवलं. उपचार लागू पडल्यावर माझे राग ६ वरून ३ वर आले. पण कडेच्या मोकळ्या ओळीत एक गोष्ट दर महिन्याला येत राहिली: साहेबांनी माझं काम दुसऱ्याच्या नावाने पुढे पाठवलं. ती लाल चौकटींत असायची, तशी साध्या चौकटींतही असायची. फक्त तिथे आवाज लहान असायचा.

म्हणून महिन्यातून एकदा, पाळीनंतरच्या आठवड्यात, मागच्या लाल ओळी पुन्हा वाचा. कुकरच्या झाकणासारख्या ज्या असतील त्या सोडून द्या. ज्या तेव्हाही खऱ्या वाटतील त्या वेगळ्या पानावर उतरवा. उपचार सुरू आहेत म्हणून तुमची प्रत्येक तक्रार औषधाच्या खात्यात टाकू देऊ नका, घरच्यांनाही नाही आणि स्वतःलाही नाही.

चौथा राजीनामा मी यंदा मार्चमध्ये लिहिला. दिवस २४, रात्री अकरा. पाठवला नाही. पाळी आली, गेली. नवव्या दिवशी डब्याच्या आधी उघडून वाचला, 'वैयक्तिक कारणास्तव' खोडून खरं कारण लिहिलं, शुद्धलेखन तपासलं आणि पाठवून दिला.